आपण आत्ता कुठे आहोत?

समुद्रसफरीची किंवा विमानप्रवासाची साहसी पुस्तकं वाचणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: यातलं खरं किती? लाट एवढी मोठी होती कशावरून? लेखक तिथे एकटा होता, साक्षीला कोणी नव्हतं. परत येऊन त्यानं काहीही लिहिलं तरी ते तपासणार कोण?

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. या पुस्तकांत मध्येच अक्षांश, रेखांश, वाऱ्याची दिशा, तासांचे हिशेब असली पानं येतात. ती गाळून पुढे गेलं तर चालेल का?

गाळू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानांत आहे. वादळाचं वर्णन घरी बसूनही करता येतं, पण 'आपण आत्ता कुठे आहोत' याचा दिवसेंदिवस चालणारा हिशेब बनावट लिहिणं फार अवघड असतं. या पुस्तकांतली खरी उत्कंठाही वादळापेक्षा त्या हिशेबात जास्त असते. या प्रकरणात आपण ते आकडे वाचायला शिकू. गुणाकार-भागाकाराच्या पुढचं गणित लागणार नाही.

१. अर्धा पत्ता

जमिनीवर वाट चुकली तर मैलाचा दगड दिसतो, एखादं देऊळ दिसतं, नाहीतर चहाच्या टपरीवर विचारता येतं. किनारा मागे पडला की यातलं काहीच उरत नाही. चारी बाजूंना सारखंच पाणी. होडी वाऱ्यानं आणि प्रवाहानं सतत सरकत असते. विमानाचं त्याहून कठीण, कारण त्याला थांबताच येत नाही. अशा ठिकाणी आपला ठावठिकाणा नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तो मोजून आणि गणित करून काढावा लागतो.

पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, हा अक्षांश. ग्रीनिचमधून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, हा रेखांश. एकच आकडा कळला तर पत्ता अर्धाच राहतो.

अर्धा पत्ता किती छळतो, हे ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन ग्रँटच्या कादंबरीत दिसतं. एका शार्कच्या पोटात बाटली सापडते. बाटलीत बुडालेल्या जहाजाच्या कप्तानानं लिहिलेला कागद असतो. पाण्यानं अक्षरं पुसलेली असतात. अक्षांश वाचता येतो, ३७ अंश ११ मिनिटं दक्षिण, पण रेखांश पार नाहीसा झालेला असतो. मग कप्तानाची मुलं आणि त्यांचे सोबती ३७व्या अक्षांशाची रेषा धरून निघतात: दक्षिण अमेरिका आडवी ओलांडतात, पुढे ऑस्ट्रेलिया, मग न्यूझीलंड. संपूर्ण कादंबरी एका हरवलेल्या आकड्यावर उभी आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला. त्या कथा वाचून वाढलेल्यांना हा भूगोल अभ्यासाचा कधी वाटला नाही, तो थेट गोष्टीतूनच अंगात भिनला.

अक्षांश काढणं त्या मानानं सोपं. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, जवळजवळ तितकाच आपला अक्षांश. हात पुढे ताणून मूठ वळली की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. मुंबईचा अक्षांश सुमारे १९, म्हणून तिथे ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम दोन मुठी दिसतो. कन्याकुमारीला एक मूठही भरत नाही. जहाजावर मुठीऐवजी सेक्स्टंट वापरतात. क्षितिज आणि तारा यांच्यातला कोन अचूक मोजणारं ते हातात धरायचं साधन आहे. ध्रुव दिसत नसेल, तर भर दुपारी सूर्य सगळ्यात वर असताना त्याचा कोन मोजायचा आणि पंचांगासारख्या छापील कोष्टकांतून अक्षांश काढायचा.

एक अंश म्हणजे ६० मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. या पुस्तकांत 'मैल' आला की तो बहुधा हा, हे ध्यानात ठेवा.

२. नागपूरची दुपार

रेखांशाचं गणित घड्याळाचं आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. मुंबई सुमारे ७३ रेखांशावर, नागपूर सुमारे ७९ वर. फरक ६ अंशांचा. सहा चोक चोवीस. म्हणजे नागपूरला सूर्य माथ्यावर आल्यानंतर २४ मिनिटांनी तो मुंबईत माथ्यावर येतो. मनगटावरची घड्याळं दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, सूर्य मात्र दाखवत नाही.

आता हेच उलट करा. तुम्ही समुद्रात आहात आणि जवळ ग्रीनिचची वेळ दाखवणारं घड्याळ आहे. तुमच्याकडे सूर्य माथ्यावर आला तेव्हा घड्याळात सकाळचे ८ वाजले होते. म्हणजे तुम्ही ग्रीनिचच्या ४ तास पुढे, पूर्वेला ६० अंशांवर आहात. (सूर्य वर्षभर थोडा पुढेमागे होतो, ती दुरुस्ती कोष्टकांत मिळते.) व्हर्नच्याच जगप्रदक्षिणेच्या कादंबरीतल्या फिलिआस फॉगला शेवटी एक अख्खा दिवस मिळतो तो याच हिशेबानं. पूर्वेकडे जात जगाला फेरी मारली तर ३६० गुणिले ४, म्हणजे १,४४० मिनिटं, म्हणजे बरोबर २४ तास.

घड्याळ चुकलं तर? ४ सेकंदांच्या चुकीनं विषुववृत्तावर एक सागरी मैलाचा फरक पडतो, एका मिनिटाच्या चुकीनं १५ मैलांचा. रात्री खडकाळ बेटाजवळून जाणाऱ्या जहाजाला १५ मैलांची चूक जिवावर बेतू शकते. म्हणूनच १७१४ साली ब्रिटिश संसदेनं रेखांश शोधण्याच्या खात्रीच्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या घड्याळजीनं हलत्या जहाजावरही अचूक चालणारं घड्याळ बनवण्यात आयुष्य घालवलं.

जोशुआ स्लोकमचं वेगळेपण ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर कळतं. हा मूळचा नोव्हा स्कॉशियाचा कप्तान २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून 'स्प्रे' नावाच्या सुमारे ११ मीटर लांबीच्या शिडाच्या होडीतून एकटाच निघाला आणि २७ जून १८९८ रोजी जगाला फेरी मारून परतला. तोवर हे एकट्यानं कोणी केलं नव्हतं. त्याच्याजवळ जहाजाचं अचूक घड्याळ होतं, पण दुरुस्तीला १५ डॉलर लागणार म्हणून त्यानं ते मागे ठेवलं. वाटेत एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. तबकडी फुटकी होती, म्हणून दुकानदारानं ते दीडऐवजी एका डॉलरला दिलं. पुढे त्याचा मिनिटकाटाही गेला.

मग त्यानं रेखांश काढला कसा? त्याला जुनी विद्या येत होती. चंद्र ताऱ्यांच्या मानानं तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. चंद्र आणि सूर्य, किंवा चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर सेक्स्टंटनं मोजलं, तर कोष्टकांवरून ग्रीनिचची वेळ काढता येते. घड्याळ आकाशातच असतं, मात्र ते वाचायला लांबलचक आकडेमोड करावी लागते. हुआन फर्नांडेझ बेट सोडल्यावर अनेक दिवस जमीन न दिसलेल्या स्लोकमनं मार्केसस बेटांजवळ असं निरीक्षण घेतलं. पहिलं उत्तर त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल भलतीकडे आलं. इथे तो जे करतो ते पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. हे शक्य नाही, असं ठरवून तो छापील कोष्टकच तपासायला बसतो आणि त्यात एका आकड्याची चूक शोधून काढतो. दुरुस्ती केल्यावर त्याची जागा त्याच्या स्वतःच्या अंदाजाशी दोन मैलांच्या आत जुळते. थोड्याच वेळानं नुकु हिवा बेट जिथे दिसायला हवं तिथेच दिसतं.

त्याच्या १९०० साली पुस्तकरूपानं आलेल्या आठवणींत तळव्यांत टोचतील असे खिळे डेकवर पसरून चोरांना पळवल्याचा प्रसंग आहे, पृथ्वी सपाट मानणाऱ्या क्रूगर या ट्रान्सवालच्या अध्यक्षाची भेट आहे. लोकांच्या लक्षात ते राहतं. माझ्या मते पुस्तकाचा कळस मात्र ही छापील चूक सापडते तिथेच आहे. भर पॅसिफिकमध्ये एकटा माणूस छापलेल्या आकड्यापेक्षा स्वतःच्या हिशेबावर विश्वास ठेवतो, आणि बरोबर ठरतो.

३. वेग, दिशा, वेळ आणि वाऱ्याची खोट

ज्या अंदाजावर स्लोकमचा इतका भरवसा होता, त्याला नाविक 'डेड रेकनिंग' म्हणतात. शेवटची पक्की जागा घ्या. तिथून कोणत्या दिशेनं, किती वेगानं, किती वेळ गेलो ते नकाशावर मांडा. रेघ जिथे संपेल तिथे आपण आहोत, असं धरायचं.

दिशा होकायंत्र सांगतं, वेळ घड्याळ. वेग मोजायला जुन्या जहाजांवर दोरी असायची. दोरीच्या टोकाला बांधलेली फळी पाण्यात टाकायची. फळी जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं, दोरी हातातून सुटत जाते. दोरीला सुमारे १४.४ मीटरवर एकेक गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचं. आता करून पाहा: २८ सेकंदांत १४.४ मीटर, तर तासाला, म्हणजे ३,६०० सेकंदांत? उत्तर येतं सुमारे १,८५१ मीटर. एक सागरी मैल! म्हणजे जितक्या गाठी, तितके मैल तासाला. वेगाचं हे माप नॉट म्हणून विमानांतही चालू आहे.

या पद्धतीवर चार्ल्स लिंडबर्गनं १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क ते पॅरिस असं सुमारे ५,८०० किलोमीटरचं अंतर साडेतेहतीस तासांत एकट्यानं विमानातून पार केलं. वजन वाचवायला त्यानं रेडिओ घेतला नाही, सेक्स्टंटही नाही. पृथ्वी गोल असल्यानं सर्वांत जवळची वाट नकाशावर वाकडी येते. ती त्यानं शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत कापली होती आणि दर तासाला दिशा थोडी बदलली. अटलांटिक ओलांडल्यावर त्याला खाली मासेमारीच्या होड्या दिसतात. तो घिरट्या घालत खाली येतो आणि आयर्लंड कुठे आहे असं ओरडून विचारतो. कोणी उत्तर देत नाही. थोड्या वेळात आयर्लंडचा किनारा दिसतो, ठरवलेल्या रेषेपासून अवघ्या पाचेक किलोमीटरवर.

लिंडबर्गच्या कौशल्याबरोबर नशीबही होतं, कारण या पद्धतीत एक मोठी खोट आहे. विमान हवेत उडतं आणि हवा स्वतः सरकत असते. ताशी १३० किलोमीटरनं जाणारं विमान घ्या. आडवा वारा ताशी २० किलोमीटरचा, आणि वैमानिकाला तो कळलाच नाही. सात तासांत विमान ९०० किलोमीटरच्या आसपास पुढे जाईल, पण १४० किलोमीटर बाजूला ढकललं गेलेलं असेल. होकायंत्र पूर्ण वेळ बरोबरच दिशा दाखवत असेल.

फ्रेंच वैमानिक-लेखक आंत्वान द सँतेक्झ्युपेरीवर ही पाळी आली. पॅरिसहून सायगावला विक्रमी वेळात पोचण्याच्या प्रयत्नात तो आणि त्याचा मेकॅनिक आंद्रे प्रेव्हो ३० डिसेंबर १९३५ च्या पहाटे अंधारात, ढगांखाली उडत होते. रेडिओ नव्हता. वाऱ्याचा अंदाज मिळालेला होता, त्यावर हिशेब धरला होता. नाईल मागे पडली की अजून पुढे आहे, हे ठरवता येईना. दिवे दिसतील म्हणून त्यांनी विमान खाली आणलं आणि ते पूर्ण वेगात वाळवंटातल्या पठाराला घासत गेलं. दोघं वाचले. जवळ थोडी कॉफी, थोडी वाईन, एक संत्रं. चौथ्या दिवशी एका बेदुइनानं त्यांना पाहिलं नसतं तर 'छोटा राजपुत्र' कधी लिहिला गेला नसता. वाळवंटात ते कोणत्या दिशेला चालायचं याचा विचार करतात ती पानं वाचताना आठवा, की त्यांना शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात आपण कुठे आहोत ते माहीत नव्हतं. तहानेइतकीच ही अनिश्चितता त्या पानांत आहे.

४. मुद्दाम चुकणारा वैमानिक

आता या प्रकरणातल्या माझ्या सर्वांत आवडत्या माणसाकडे येतो. फ्रान्सिस चिचेस्टर आकाश आणि समुद्र या दोन्हींचा. जन्म १९०१ चा, इंग्लंडमधला. तरुणपणी न्यूझीलंडला गेला, १९२९-३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटा उडत गेला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला टास्मान समुद्रावरून जायचं. त्याचं 'जिप्सी मॉथ' हे दोन पंखांचं छोटं लाकडी विमान. एवढं अंतर एका दमात जाण्याइतकं पेट्रोल त्यात मावत नव्हतं. वाटेत दोन बेटं होती, नॉरफोक आणि लॉर्ड हाउ. धावपट्ट्या नव्हत्या, म्हणून चाकं काढून त्यानं विमानाला पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावले. लॉर्ड हाउ बेट लांबीला १० किलोमीटरच्या आसपास, आणि नॉरफोकहून ते ९०० किलोमीटर दूर. वर केलेला वाऱ्याचा हिशेब त्याच्यासाठीच होता. चुकलं तर परतायला पेट्रोल नाही.

सेक्स्टंटनं सूर्याचा कोन मोजता येतो. मात्र एका मोजणीनं एक ठिकाण मिळत नाही, एक रेषा मिळते. सूर्य कोणत्याही क्षणी पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या जागेपासून सारख्या अंतरावर असलेल्या सगळ्यांना तो सारख्याच उंचीवर दिसतो. म्हणजे 'सूर्य इतक्या वाजता इतका वर' याचा अर्थ 'तू या रेषेवर कुठेतरी आहेस' एवढाच. रेषा बेटावरून जात असेल, पण तुम्ही बेटाच्या डावीकडे आहात की उजवीकडे?

समजा, अंधाऱ्या रात्री शेतांतून चालत तुम्हाला नदीकाठच्या एका गावाला जायचं आहे. गावाचाच नेम धरून निघालात आणि नदी लागली, पण गाव नाही, तर काठानं वर जायचं की खाली? कळणार नाही. शहाणा माणूस मुद्दाम गावाच्या बराच वरच्या अंगाला नेम धरील. नदी लागली की डोळे मिटून खालच्या अंगाला वळायचं. गाव येणारच.

चिचेस्टरनं हेच केलं. सूर्याची रेषा ही त्याची नदी. निघण्याआधीच त्यानं गणित मांडून ठेवलं, की अमुक वेळी बेटावरून सूर्य किती उंच दिसेल. उडताना बेटाच्या एका बाजूला, वारा कितीही ढकलू शकेल त्यापेक्षा जास्त, असा नेम धरला. एका हातानं विमान सांभाळत, दुसऱ्या हातात सेक्स्टंट धरून तो सूर्य मोजत गेला. कोन हवा तितका आला, म्हणजे रेषा आली. इथे त्यानं विमान जवळजवळ काटकोनात वळवलं.

या वळणाचं त्यानं केलेलं वर्णन विमानसाहित्यातलं अव्वल आहे. गणित सांगतं वळ. पण कित्येक तास एकाच दिशेला तोंड करून उडाल्यावर शरीर त्या दिशेला सरावलेलं असतं. खाली सगळीकडे सारखाच समुद्र. सरळ वाट सोडून रिकाम्या पाण्याकडे वळायचं, ते का, तर गुडघ्यावरच्या कागदावर दोन आकडे जुळले म्हणून. वळल्याबरोबर त्याला आपण घोडचूक केली असं वाटू लागतं, आणि तरीही तो दिशा बदलत नाही. मग बेट दिसतं.

लॉर्ड हाउला पोचल्यावर रात्रीच्या वादळात विमान पाण्यात उलटलं आणि मोडलं. बेटावरच्या लोकांच्या मदतीनं त्यानं ते तुकड्यातुकड्यानं पुन्हा बांधलं. त्यात दोन महिन्यांहून अधिक गेले. मग तो त्याच विमानातून ऑस्ट्रेलियाला पोचला. न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाच्या दिशेनं टास्मान एकट्यानं ओलांडणारा तो पहिला. साल १९३१.

पुढचं आयुष्यही असंच. जपानमध्ये त्याचं विमान तारांना धडकलं आणि तो मरता मरता वाचला. दुसऱ्या महायुद्धात त्यानं वैमानिकांसाठी दिशाज्ञानाची पुस्तकं लिहिली. पन्नाशी उलटल्यावर फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं निदान झालं, त्यातून सावरून १९६० साली अटलांटिकची एकट्यानं करायची शिडांची शर्यत जिंकली. मग १९६६-६७ मध्ये, पासष्टीत, 'जिप्सी मॉथ ४' या होडीतून सिडनीला एकच मुक्काम करून जगाला फेरी मारली. ही होडी त्याला मनापासून आवडली नव्हती, आणि ते त्यानं लिहिलं आहे. त्याची ही सफर जगभर गाजली, पण मला त्याचं टास्मानचं पुस्तक सरस वाटतं. त्यात माणूस विचार करताना दिसतो.

५. टाकीतलं घड्याळ

विमानाच्या पुस्तकांत आणखी एक हिशेब असतो, तो इंधनाचा. शिडाच्या होडीला वारा फुकट मिळतो. विमानात पाच तासांचं पेट्रोल असेल, तर पाचव्या तासाला काहीतरी घडणारच. सँतेक्झ्युपेरीची १९३१ सालची 'रात्रीचं उड्डाण' ही कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे. दक्षिण अमेरिकेतली टपाल विमानं रात्री उडवायला नुकती सुरुवात झालेली. पॅटागोनियाहून येणारा वैमानिक वादळात अडकतो, खाली सगळे तळ ढगांनी झाकलेले. ब्वेनोस आयरेसच्या कार्यालयात त्याचा वरिष्ठ रिव्हिएर घड्याळाकडे बघत असतो. पेट्रोल किती वाजता संपणार ते त्याला ठाऊक आहे. त्या वेळेनंतर विमान कुठे आहे हा प्रश्नच उरणार नाही. छोटीशी कादंबरी. एका बैठकीत वाचा.

६. खोटी लॉगबुक

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू: कोणी सरळ खोटंच लिहिलं तर?

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'नं जगाला न थांबता, एकट्यानं फेरी मारण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. चिचेस्टर परीक्षकांचा प्रमुख होता. डोनाल्ड क्राउहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा व्यावसायिक तीन अंगांची, घाईत बांधलेली होडी घेऊन ३१ ऑक्टोबरला निघाला. धंदा कर्जात, होडी गळकी. दक्षिण महासागरात ती फुटेल हे त्याला कळून चुकलं, आणि परत फिरलो तर दिवाळं निघेल हेही. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून पुढे गेल्याच्या खोट्या बातम्या पाठवू लागला. एका दिवसात २४३ मैल, असा विक्रमी दावा त्यानं केला. आता हे तपासणं तुम्हालाही जमेल: २४३ भागिले २४, म्हणजे दिवसभर सलग १० नॉट. जिनं आधीचे आठवडे रखडत काढले, त्या होडीला? वर्तमानपत्रांनी मथळे दिले, चिचेस्टरला मात्र शंका आली.

क्राउहर्स्टची शोकांतिका हीच, की खोटी लॉगबुक, म्हणजे सफरीची रोजची नोंदवही, लिहायला खरीपेक्षा जास्त गणित लागतं. न गेलेल्या जागेवरून त्या दिवशी सूर्य किती वर दिसला असता, हे उलट्या बाजूनं काढावं लागतं. तिथलं हवामान जुळवावं लागतं. त्यानं कित्येक पानं असे आकडे मांडले. पुढे तो मागून वेगानं येतो आहे असं वाटून शर्यतीतल्याच नायजेल टेटलीनं स्वतःची होडी फार ताणली आणि ती बुडाली. टेटली वाचला. आता सर्वांत कमी वेळाचं बक्षीस क्राउहर्स्टच जिंकणार, म्हणजे त्याची वही परीक्षक उघडणार, अशी वेळ आली. १० जुलै १९६९ रोजी त्याची होडी रिकामी सापडली. वह्या आत होत्या. निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल यांनी त्या वह्यांवरून १९७० साली लिहिलेलं पुस्तक वाचवत नाही आणि सोडवतही नाही.

त्याच शर्यतीत फ्रान्सचा बर्नार म्वातेसिए जिंकण्याच्या बेतात असताना मागे न वळता सरळ ताहितीकडे निघून गेला. त्याचं 'लांबची वाट' हे १९७१ सालचं पुस्तक आकड्यांपेक्षा मनाच्या तळाशी जास्त जातं. शर्यत पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं. त्याची 'सुहेली' ही अवघी ३२ फुटी होडी मुंबईत, कुलाब्याला, सागवानाची बांधलेली. बक्षिसाचे ५,००० पौंड त्यानं क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

७. आठवण की कादंबरी

सँतेक्झ्युपेरीच्या वाळवंटाच्या आठवणी असलेल्या १९३९ च्या पुस्तकाला फ्रेंच अकादमीनं कादंबरीचं मोठं पारितोषिक दिलं. आठवणींना कादंबरीचं पारितोषिक! हे चुकीचं वाटत असेल तर लिंडबर्गची दोन पुस्तकं शेजारी ठेवा. पहिलं १९२७ चं, उड्डाणानंतर लगोलग लिहिलेलं, कोरडं. दुसरं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस', १९५३ चं, पुलित्झर मिळालेलं. त्यात झोपेशी झगडताना विमानात माणसांच्या आकृत्या आपल्याशी बोलत होत्या, हे तो मोकळेपणानं सांगतो. सव्वीस वर्षं हे सांगायची त्याची छाती झाली नव्हती. दोन्ही पुस्तकांत मार्ग तोच, तास तेच. म्हणून मी म्हणतो, ठावठिकाण्याचा हिशेब खरा असेल तर मनाच्या हिशेबाला कादंबरीइतकं स्वातंत्र्य द्यायला हरकत नाही.

८. म्हादेई

आज उपग्रह क्षणात पत्ता सांगतो. मग अशी पुस्तकं संपली का? नाही. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. कल्पना होती व्हाइस ॲडमिरल मनोहर अवटींची, जे निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या विंचुर्णीत राहत. दोंद्यांच्या 'द फर्स्ट इंडियन' या पुस्तकात समुद्राइतकीच जागा होडी बांधण्याला आणि तयारीला आहे, आणि ती योग्यच आहे. त्यानंतर अभिलाष टोमी न थांबता फेरी मारून आले. २०१८ साली उपग्रहांची मदत वर्ज्य असलेल्या शर्यतीत, गोव्यातच बांधलेल्या, सुहेलीच्या घाटाच्या होडीची डोलकाठी मोडून ते गंभीर जखमी झाले. २०२३ मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले. सेक्स्टंट तिथे पुन्हा हातात आला.

ही पुस्तकं प्रामुख्यानं इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये आहेत. आपल्याकडे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या असंख्य घरांत कोणी ना कोणी बोटीवर नोकरी केलेलं आहे. हवाई दलातून निवृत्त झालेली माणसं पुण्यात, नाशकात राहतात. त्यांच्या कपाटांत डायऱ्या आहेत, उड्डाणांच्या नोंदवह्या आहेत. घरच्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. ज्यांच्या त्या आहेत त्यांनी मराठीत लिहावं, आणि लिहिताना तारीख, अक्षांश, रेखांश आणि वारा आठवेल तितका नेमका द्यावा. उरलेलं वाचक समजून घेईल.